पंचमीची मेंदी आणि अर्धा राहिलेला शॉट

आई, तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुला लिहायला बसले आहे. तुला वाचता यायचं नाही. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायची, तेव्हा हेही मलाच वाचावं लागणार.

मी सिनेमात गेले तेव्हा तेरा वर्षांची होते. वडिलांनी अंथरूण धरलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टुडिओच्या लोकांनी माझा नाच पाहिला, मला पगारावर घेतलं आणि माझी शाळा सुटली. रोज सकाळी भाकरीचा डबा घेऊन तू माझ्याबरोबर चालत यायचीस आणि दिवसभर मेकअपच्या खोलीबाहेर पायरीवर बसायचीस. संवाद शिकवणारे मास्तर मला "मी आलो नव्हे, आले म्हण" असं दहादा बजावायचे. तू बाहेरून ओरडायचीस, "आमच्यातल्या बायका असंच बोलत्यात की वो!" कॅमेरा मला आवडायचा, खोटं कशाला बोलू? पण शाळेची घंटा स्टुडिओत ऐकू यायची आणि माझा जीव कासावीस व्हायचा. माझ्या वर्गातल्या पोरी पुढे निघाल्या होत्या आणि मी तोंडाला रंग लावून खोटं खोटं रडत होते.

पंधराव्या वर्षीचं ते चित्र तुला आठवत असेल. त्यात माझी आई मेलेली असते आणि मी देवळाच्या दारात ओंजळ पसरून उभी आहे. ओंजळीचा शॉट निम्मा झाला आणि ऊन गेलं. उरलेला नागपंचमीची सुट्टी झाल्यावर घ्यायचा ठरला. पंचमीच्या आदल्या दिवशी तू पाट्यावर मेंदी वाटलीस, माझ्या दोन्ही तळव्यांवर थापलीस आणि वर एरंडाची पानं बांधलीस. "हलू नगंस, रंगली न्हाय तर सासू खाष्ट मिळंल," म्हणालीस.

मेंदी अशी रंगली की विचारू नकोस. शूटिंगच्या दिवशी दिग्दर्शकांनी माझे तळवे पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली, वर पावडरीचे थर झाले, तरी कॅमेऱ्यात हात काळेच दिसत होते. "मावशी, आई मेलेली पोर मेंदी लावून बसते काय?" ते कडाडले. तू पदर सावरून उभी राहिलीस. "चुकलं माझं, साहेब. पर पंचमीला पोरीचा हात कोरा ठेवत न्हाईत आमच्यात. हिची आई अजून जित्ती हाय." मग दिग्दर्शकांनाच हसू फुटलं. "रंग उतरेपर्यंत घरी बसा," म्हणाले.

तू कसली मला घरी बसू देतेस! दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून शाळेत नेलंस आणि मोठ्या बाईंना म्हणालीस, "धा-बारा दिस रिकामी हाय पोरगी. बसू द्या की वर्गात." बाईंनी बसू दिलं. रंग उतरला तेव्हा त्यांनी माझ्या हातात पुस्तकं ठेवली आणि शूटिंग नसेल तेव्हा येत जा म्हणाल्या. अशी रखडत, धापा टाकत मी मॅट्रिक झाले. पुढे स्टुडिओला माझ्याहून लहान चेहरा मिळाला. लोक माझ्यासाठी हळहळले, पण मी तेव्हा शिक्षिका व्हायचं शिकत होते. मग जन्मभर शिकवलं आणि फार सुखानं शिकवलं. परवा एक जुनी विद्यार्थिनी तिच्या लेकीला घेऊन आली. पोरीला टीव्हीच्या मालिकेत काम मिळालंय. मी म्हटलं, खुशाल करू दे, फक्त तिचं शाळेतलं नाव काढू नकोस. पोर खुदकन हसली आणि तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस.

तो मेंदीचा किस्सा तू शेवटपर्यंत स्वतःवरच हसत सांगायचीस, "मी अडाणी, मला काय ठावं शॉट अर्धा हाय त्ये!" मी शेजारी बसून हसायची. हा कागद मी कुठे धाडणार नाही, पण एकदा लिहून मोकळी होते. हाताला काही लावू नकोस असं मास्तरांनी मला बजावून सांगितलं होतं, आई. मला शाळेत जायचं होतं. मी तुला काही बोलले नाही, नुसते हात पुढे केले.