ओढा उघडा ठेवण्याच्या अटीवर

१. माझ्या घरामागचा ओढा कुंपणाखालून शहराच्या बागेत जातो आणि तिथले मोठे तळे भरतो.
२. मी बागेत नोकरीला लागले त्या वर्षी अधीक्षकांनी तळे स्वच्छ करताना तळाची चिकणमातीही खरवडून काढली. तळे गळू लागले.
३. मी गळती थांबवली.
४. गेल्या रविवारी थोरला भाऊ म्हणाला, "ओढा बुजवू. दोन गाड्या आरामात उभ्या राहतील."
५. महिनाअखेरीस माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे.

म्हणून मी, बागेची जलअभियंता, कोणीही कान भरलेले नसताना हे लिहून ठेवते. डॉक्टरांना शंका माझ्या हृदयाबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही.

बचत वहिनीला. तिने ती स्वतःवर खर्चावी, दादाच्या गाडीवर नव्हे.

माझे गमबूट आणि पातळी मोजायचे यंत्र बागेतले रान राखणाऱ्या वनरक्षकाला. बूट त्याला होणार नाहीत. त्याच्या लेकीला होतील, आणि ती पाण्याला भीत नाही.

अधीक्षकांना काही नाही. चिकणमाती परत पसरल्यावर ती दाबायला त्यांनी यंत्र दिले नाही. मग सकाळी फिरायला येणाऱ्यांना मी चपला काढायला लावून तळात उतरवले. अधीक्षक काठावरून हसले.

"मॅडम, तळं काय पायांनी दुरुस्त होतं?"

"माती तुडवूनच मडकं होतं, सर. गळतं का?"

तळे तेव्हापासून गळलेले नाही. काठावर बगळे आहेत, रानातल्या पायवाटेवर भर उन्हाळ्यात सावली आहे. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करत नाही.

वडिलांनी माझ्या नावे केलेले घर दादाला, ओढा उघडा ठेवण्याच्या अटीवर. अट मान्य नसल्यास घर बागेला.

दादा, तू म्हणशील, "चिमणे, भावापेक्षा तुला डबकं प्यारं!" पण त्या सकाळी पँट दुमडून सर्वांत आधी तूच उतरलास. "नाचू का गं?" म्हणालास आणि खरोखर नाचलास. सर्वांत जास्त गळणारी जागा तुझ्या पायांनी बंद झाली आहे. चिकणमाती सुकली की तडकते. ओढा बुजवलास तर पहिली तीच तडकेल.

सही: जलअभियंता
साक्षीदार: वनरक्षक, शेजारच्या शिंपीणकाकू
स्थळ: ओढ्याकाठचे घर
दिनांक: ९ मार्च

दादा, वकिलांकडे पक्की प्रत द्यायची आहे. अट मान्य आहे की नाही, ते वीस तारखेपर्यंत कळव.