आज मॅट ओली आहे

अहो,

उठल्या उठल्या योगासनांची मॅट शोधत घरभर फिराल, म्हणून आधीच सांगते. मी ती धुऊन गॅलरीत वाळत टाकली आहे आणि संध्याकाळपर्यंत काही ती वाळायची नाही. सतरंजीच्याही मागे लागू नका, ती बादलीत भिजतेय.

आज अमावस्या आहे. अमावस्या-पौर्णिमेला आसनं करायची नाहीत, अंगाला विसावा द्यायचा, हा तुमच्याच गुरुजींचा नियम. इतकी वर्षं तुम्ही तो पाळलात आणि त्या सकाळी आपण तिघं अंथरुणात लोळत चहा प्यायचो. लेक मध्ये बसायची आणि तुमच्या कपात बिस्किट बुडवून अर्धं आत पाडायची. ती नोकरीसाठी लांब गेली आणि तुमची सुट्टीच बंद झाली. विचारलं की म्हणता, सवय मोडते.

शीर्षासनात तुमच्या कपाळावरून ओघळतो तो घाम नसतो, हे मला कळत नाही असं समजू नका. घाम आला म्हणून कोणी नाक ओढत नाही. आठवण मलाही येते हो, पण मला डोक्यावर उभं राहता येत नाही. मी कुठे जाऊ?

तिची ती बिस्किटं आणायला कोपऱ्यावर गेले आहे. आले की चहा टाकते. तोवर अंथरूण आवरू नका. आणि तिची जागा मोकळी सोडून पार कडेला सरकू नका. आज तिथे मी बसणार आहे.