पाचवा टायर

दि. ४ मार्च

गाडीला चाकं किती असतात हे तुमच्या शहरात कुणालाच माहीत नाही का? चार जमिनीवर आणि एक डिकीत, अशी पाच. तुझ्या बापाने टायर पाठवले चार. तेही म्हशीच्या पाठीएवढे रुंद, आणि प्रत्येकाला हा एवढा पांढरा पट्टा. गाडीला टायर मागवले होते की नवरदेवाला मोजे?

चि. ठकीस अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. तुम्हीही ठीकच असाल, डोक्याला ताण न देणाऱ्यांची तब्येत चांगली राहते.

काल टेम्पोवाल्याने टायर फाटकात टाकले, माझी सही घेतली आणि पळाला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावून पुढचा एक चढवून पाहिला. स्टिअरिंग फिरवलं की टायर मडगार्डला घासतो, आतून काळा ओरखडासुद्धा उठला. पंक्चरवाला म्हणाला की सरळ जायला काही हरकत नाही. मी त्याला विचारलं की फाटकातून बाहेर पडल्यावर समोर भिंत आहे, ती तू हलवणार का?

जुना टायर हवा जाऊन बसल्यापासून गाडी ठोकळ्यावर उभी आहे. तीन मंगळवार झाले, तुझ्या आत्याआजीला पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला भाजीवाल्याच्या टेम्पोत, पोत्यांमध्ये बसवून दवाखान्यात नेते आहे. वन्सं म्हणाल्या की मी काही बटाटा नाही. मी म्हटलं, बटाटा एवढं बोलत नाही. बाई मला कधी आवडली नाही आणि मी तिला, पण पाय तर तिचाच आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की दणके बसून जखम पुन्हा उघडली, तर पुढची गोष्ट पाय ठेवायचा की नाही ही असेल.

तेव्हा बापाला सांग, हे गाद्यांसारखे टायर परत ने आणि माझ्या गाडीचे बारीक, उंच, आत ट्यूब असलेले पाठव. पाच. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, पण पाचापर्यंत मोजता येतं.

माया आहेच, ती काही कमी होत नाही. अक्कल तेवढी वाढू दे.

तुझी आजी

•

दि. ९ मार्च

ती. आजीस ठकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा हसले नाहीत.

टायर तुला आवडले नाहीत याचं वाईट वाटलं. बाबांनी ते मनापासून निवडले गं. बैठकीच्या खोलीत त्यांच्या लग्नाचा फोटो आहे ना, ज्यात ते नवा कोट घालून गाडीत बसलेत आणि चाकांना पांढरे पट्टे आहेत? तो फोटो फ्रेममधून काढून ते दुकानात घेऊन गेले आणि अगदी असेच हवेत म्हणाले. तूच सांगायचीस की त्या दिवसासारखी गाडी पुन्हा कधी दिसली नाही.

मडगार्डला घासत असेल तर सध्या गाडी फिरवू नकोस. चारही चाकं चढवून, पुसून ठेव. पुढच्या आठवड्यात बाबांच्या ओळखीचे एक जण गाडीचे फोटो काढायला येतील, त्यांच्याशी जरा गोड बोल. आत्याआजीसाठी दर मंगळवारी भाड्याची गाडी येईल, ते ठरवून टाकलंय.

पाचव्या टायरचं बाबांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तुझ्या रागावरही आमचा जीव आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी ठकी

•

दि. १४ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद, यावेळी मोजूनमापून.

त्या फोटोचं खरं ऐक आता. एवढी वर्षं कुणी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. ते पांढऱ्या पट्ट्याचे टायर आपले नव्हतेच. तुझ्या आजोबांनी गिरणीमालकाच्या गाडीचे एका दिवसापुरते मागून आणले होते. तेव्हाही ते असेच मडगार्डला घासले. मग तुझ्या दोन्ही काकांनी आणि मी, नेसूचं नवं लुगडं खोचून, गाडी मागून ढकलत कार्यालयाच्या दारापर्यंत नेली. वळणावर चार माणसांनी पुढचा भाग उचलून वळवला. तुझा बाप आत कोट सांभाळत समोर बघत बसला होता. त्याला आजतागायत वाटतंय की इंजिनाचा आवाज आला नाही, कारण गाडीच तेवढी भारी होती.

आणि त्या फोटोवरून माझ्यासाठी टायर!

तुमची भाड्याची गाडी आली मंगळवारी. वन्संना जिना उतरायला पाव तास लागतो. ड्रायव्हरने तीनदा भोंगा वाजवला आणि निघून गेला. पुन्हा भाजीवाला, पुन्हा पोती. जखम ओली झाली आहे. मी कापूस उचलून पाहिली, उगाच सांगत नाही.

तुमचा फोटोवालाही येऊन गेला. फोटो काढले दोन आणि मापं घेतली बारा. लांबी, रुंदी, टपाची उंची. तुझ्या आजोबांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि डोळे अधू झाल्यावर तेवीस वर्षं मी त्यांना शेजारी बसवून बांधाबांधावर गाडी नेली. मोजणाऱ्या माणसाची नजर मला पाठमोरी कळते. हा कुणाला तरी फोनवर सांगत होता की काच मोठी लागेल.

कसली काच? आणि चारच टायर का? चालत्या गाडीला पाचवा लागतो. जिला कुठे जायचंच नाही, तिला चार पुरतात. ठके, मी काय लिहिते आहे ते तुला कळतंय. माझ्याशी पोटात एक आणि ओठात एक करू नकोस, ते तुला जमत नाही, तुझं अक्षर तिरकं होतं. मागच्या पत्रात शेवटच्या चार ओळी पार उताराला लागल्या होत्या.

खरं लिहिशील तर लोभ. नाहीतर नुसती सही.

आजी

•

दि. १९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

खरं लिहिते. बाबांच्या मित्राचं नवीन हॉटेल होतंय. त्याच्या दर्शनी काचेमागे जुनी गाडी उभी करायची आहे आणि बाबांनी तुझी गाडी देण्याचा शब्द दिलाय. टायर त्यासाठीच होते. दुकानदाराने विचारलं की गाडी रस्त्यावर चालते का, तर बाबांनी नाही म्हणून सांगितलं. मी शेजारीच उभी होते आणि गप्प बसले. याची मला लाज वाटते.

पण आता तुझंही खरं ऐक. जुना टायर बसला असं तू लिहिलंस. तो बसला नव्हता आजी, शाळेसमोरच्या उतारावर फुटला. गाडी शाळेच्या कुंपणाला घासत जाऊन थांबली. आत्याआजी मागे बसल्या होत्या. हे आम्हाला तुझ्याकडून कळलं नाही, पंक्चरवाल्याने बाबांना फोन करून सांगितलं. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. मग एकदम उठले आणि टायर आणायला गेले. मला म्हणाले की आईला गाडी चालवू नकोस म्हणायची माझ्यात धमक नाही, म्हणून गाडीलाच उभी करतो.

मी खोटं लिहिते असं तू म्हणालीस. मी तुझीच नात आहे.

रागव, पण पत्र पाठव.

ठकी

•

दि. २ एप्रिल

चि. ठकीस आशीर्वाद, पहिल्यासारखे पूर्ण.

हो, फुटला. लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुझ्या बापाने जे केलं असतं, तेच त्याने मी न लिहिताही केलं. पण तुझं पत्र वाचून गॅरेजमध्ये गेले आणि तो फाटका टायर उजेडात आणला. टायर घ्यायचा तर रबरावरची नक्षी बोटाने चाचपून घ्यावी हे मला ठाऊक होतं आणि त्याची नक्षी नव्यासारखी होती. मी जाते किती, तर दवाखान्यापर्यंत. नक्षी झिजणार कशी? पण रबर चौदा वर्षांचं. बाजूला माझ्या टाचांसारख्या भेगा. इतकी वर्षं त्या मला दिसल्या कशा नाहीत म्हणशील, तर दर रविवारी गाडी धुतली की टायर चकाकावेत म्हणून मी त्यांना बुटाचं काळं पॉलिश घासत होते. एकेक भेग स्वतःच्या हाताने बुजवली. दिखाव्याचा नाद तुझ्या बापाला कुठून लागला, ते मला त्या दिवशी कळलं. हे त्याला वाचून दाखवलंस तरी चालेल. एकदाच.

नंतर मी आणि पंक्चरवाला जुन्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने बरोब्बर मापाचे काढून दिले, म्हणाला कोरे आहेत, एकदाही रस्ता पाहिलेला नाही. अक्षरं मला जडच जातात, पण आकडे मला फसवत नाहीत. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मोजून पाहिलं तर टायर अकरा वर्षांचे. मी त्याला म्हटलं की अकरा वर्षं अंधारात बसलेल्या माणसाला तू तरुण म्हणशील का? तो म्हणाला की आजी, एवढं कुणी बघत नाही. मी सांगितलं की मीही बघत नव्हते, म्हणून तर शाळेच्या पोरांचं कुंपण खरवडलं.

शेवटी एका दुकानाने कारखान्याकडून ताजे मागवून दिले. जुन्या मापाचे अजून बनतात, विचारावं लागतं. पाच. पंक्चरवाल्याला घाई होती, मी त्याच्या उरावर बसून करून घेतलं. रिमचा गंज घासला, ट्यूबला रिम टोचू नये म्हणून आत नवी पट्टी घातली, नवी ट्यूब पावडर लावून बसवली. हवा भरली, सोडून दिली आणि पुन्हा भरली, कारण पहिल्या हवेत ट्यूबला घडी राहते आणि तीच घडी पुढे कापते. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. नटसुद्धा समोरासमोरचे आवळायला लावले, ओळीने नाही. पाचवा डिकीत. जवळ पॉलिशची डबी होती, ती मी शेजारच्या मुलीला बूट चमकवायला देऊन टाकली.

वन्संना लगेच बसवलं नाही. भाजीवाल्याकडून वन्संच्या वजनाचे बटाटे मागच्या सीटवर घातले आणि शाळेचा उतार तीनदा उतरले. मधे थांबून, वळवून, ब्रेक दाबून. बटाटे हलले नाहीत. मग कुंपण रंगवून दिलं. मंगळवारी वन्संना नेलं. त्या जाताना म्हणाल्या की सीट टणक आहे, येताना म्हणाल्या की काच खाली होत नाही. म्हणजे बाई सुधारते आहे. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या की जखम सुकायला लागली. माझे डोळेही तपासून घेतले, चिठ्ठी सोबत आहे. न लपवता पाठवते आहे, जवळचं कमी दिसतं असं त्यात लिहिलंय. रस्ता लांबच असतो.

पांढऱ्या पट्ट्यांचे चारही टायर त्या हॉटेलवाल्याकडे रवाना केले आहेत. त्याला म्हणावं काचेमागे टायरच ठेव, गाडी कामात आहे.

आता नीट वाच. तुझा बाप घाबरला हे मला समजतं. मी त्याला पोटात वाढवलं आहे, त्याचं घाबरणं मला नवीन नाही. पण घाबरला तर इथे येऊन मला तोंडावर सांगावं, माझ्या पाठीमागे गाडीचे पाय बांधू नयेत. येत्या मंगळवारी साडेनऊला त्याने फाटकाशी उभं राहायचं. माझ्या शेजारी, त्याच्या वडिलांच्या जागेवर बसायचं, मागे वन्सं असतील. अख्खा उतार उतरायचा, दाराची मूठ न पकडता. खाली पोचल्यावरही त्याला वाटलं की मी चालवू नये, तर किल्ली त्याच्या हातात देईन आणि एक शब्द बोलणार नाही. मग दर मंगळवारी वन्संना न्यायला त्याने यायचं. जिन्याचा पाव तास धरून.

तुझ्यावर लोभ आहे, कारण तू उशिरा का होईना सरळ अक्षरात लिहिलंस. पण या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझ्या आईनेही नाही. तुझ्या बापाने लिहायचं, वर्तमानपत्र बाजूला ठेवून, स्वतःच्या हाताने.

आजी