सरांच्या मागोमाग

सर, काल मी कॉलेजात जाऊन आले. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, त्यामुळे तुम्हाला निमंत्रण असण्याचा प्रश्नच नव्हता. मला होतं, आणि नसतं तर बरं झालं असतं, असं आज दुपारी घरात एकटी बसून वाटतंय. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. चव्वेचाळीस वर्षं ती राहिली, आणि काल तिच्यापायीच माझ्या खांद्यावर शाल पडली, म्हणून लिहायला बसले. गणितात पायऱ्या गाळायच्या नाहीत, उत्तर बरोबर आलं तरी मी मार्क देणार नाही, असं तुम्ही म्हणायचात. तेव्हा पायरीपायरीने लिहिते.

मी बेलापूरच्या टेलरची, आण्णांची मुलगी. तुमच्या पॅन्टी शिवायचे, त्यांची. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या वर्गात साठ मुलगे आणि एकसष्टावी मी. मुलींचे नंबर हजेरीत शेवटी असायचे. आर्ट्सला मुली होत्या, घोळक्याने हिंडायच्या, त्यांचं निदान एकमेकींशी हसणं-खिदळणं तरी व्हायचं. मला तेही नव्हतं. दोन तासांच्या मधल्या वेळात मुलींनी व्हरांड्यात उभं राहायचं नाही, लेडीज रूममध्ये बसायचं, हा नियम कुठे लिहिलेला मी पाहिला नाही, पण तो मोडलेलाही पाहिला नाही. एक लांब बाक, एक माठ, खिडकीला हिरवा पडदा आणि भिंतीवर इतका उंच आरसा की त्यात फक्त कपाळ दिसायचं. तो नक्की कुणातरी पुरुषाने लावला असणार. तास सुरू व्हायच्या वेळी सर लोक त्या दाराशी यायचे, आणि त्यांच्या वर्गातल्या मुली उठून त्यांच्या मागोमाग निघायच्या. तास संपला की मुली आधी बाहेर, मग सर, मग मुलगे. बाकीच्या सरांच्या मागे पाच-सात जणींची रांग असायची. तुमच्या मागे मी एकटी.

तुम्ही दाराशी येऊन खाकरायचात. हातात खडूचा डबा आणि डस्टर, पाठीवर सदऱ्याची एक कायमची सुरकुती. तीन वर्षं मी ती सुरकुती बघत चालले. वर्गात शिरताना गलका एकदम बंद व्हायचा. मी पहिल्या बाकावर भिंतीकडेला बसायची, बाकावर दुसरं कुणी नाही. मागे वळून बघायची सोय नव्हती, त्यामुळे त्या साठ जणांचे चेहरे मला माहीतच नव्हते. त्यांचे 'हजर' तेवढे पाठ होते. सतरा नंबरचा घोगरा, तीसचा चोरट्यासारखा, बावन्नचा कायम उशिरा आणि दोन आवाजांत. आता कुणी हसेल, पण मी त्या वर्गाला मागून येणाऱ्या आवाजांवरून ओळखत होते.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतरचा तो दिवस तुम्हाला आठवतो का? तुम्ही दाराशी आलात, खाकरलात, मी उठले, तर तुम्ही म्हणालात, "आज तू पुढे हो. मी ऑफिसातून खडू घेऊन येतो." तुमच्या हातात डबा होता आणि डब्यात खडू होते, मला दिसत होते. मी निघाले. व्हरांड्यातून चालत वर्गाच्या दारापर्यंत गेले. आतून गलका ऐकू येत होता. कुणी वाईट बोलत नव्हतं हो, कुणी तरी कुणाच्या तरी चपलेवरून हसत होतं. मी उंबऱ्याबाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिले, वह्या छातीशी धरून, तुम्ही येईपर्यंत. तुम्ही आलात, माझ्याकडे बघितलंत, आत गेलात आणि मी तुमच्या मागोमाग. तास संपल्यावर लेडीज रूमच्या दारात म्हणालात, "मी सोय केली होती, तू तिची कुबडी करून घेतलीस. पुढे पुण्याला एम.एस्सी.ला तुला वर्गात न्यायला कोण येणार आहे?" मला फार राग आला होता तुमचा. चालायला शिकवायचं नाही, आणि मग एक दिवस कुबडी काढून घेऊन म्हणायचं, पळ. आजही थोडा आहे तो राग. तेही लिहूनच टाकते.

निकालानंतर तुम्ही पुण्याहून एम.एस्सी.चा फॉर्म आणलात. तुमच्याच अक्षरात सगळा भरलेला, सही तेवढी माझी आणि आण्णांची बाकी. तो घेऊन मी घरी गेले. आण्णांनी मशीनवरून पाय काढला, चष्मा पुसला, फॉर्म उलटसुलट बघितला, आणि म्हणाले, "जा की. एवढं सर म्हंत्यात तर जा. हितं ऱ्हाऊन काय काजं करनार हायेस?" सही केली. दुसऱ्या दिवशी आण्णा श्रीरामपूरला जाऊन पत्र्याची ट्रंक घेऊन आले. ट्रंकेला जाड ताडपत्रीची खोळ शिवली, आणि त्यावर लाल दोऱ्याने माझं नाव काढलं. आण्णा चौथीपर्यंत शिकलेले. नावातलं जोडाक्षर त्यांनी दोनदा उसवून नीट केलं.

आता ती पायरी आली, सर. तुमच्यापाशी मी ती गाळली होती. मी तुमच्याकडे आले आणि सांगितलं, "वडील नको म्हणतात."

आण्णा नको म्हणाले नव्हते. मी भ्याले होते. त्या आठवड्यात मला सारखं एकच दिसायचं, पुण्याचं एक मोठं दार, आतून गलका, आणि बाहेर भिंतीला पाठ लावून मी. आणि कुणी खाकरत येत नाही. आण्णांना मी एवढंच म्हणाले की मला नाही जायचं. ते मशीनवर वाकलेले. "का गं?" म्हणाले. मी म्हटलं, तिथं ओळखीचं कोणी नाही. त्यांनी मशीनवरचा पाय काढला. "बरं. न्हाई तर न्हाई," म्हणाले, आणि पाय पुन्हा मशीनवर ठेवला. पण तुम्हाला 'मी भ्याले' हे कसं सांगणार? तुम्ही पुन्हा कुबडी म्हणाला असतात. वडील नको म्हणतात, हे कुणालाही लगेच पटायचं. त्या काळात निम्म्याअधिक पोरींना घरचेच नको म्हणायचे, त्यामुळे माझं खोटं त्या गर्दीत सहज मिसळून गेलं. तुम्ही 'का' म्हणूनसुद्धा विचारलं नाहीत.

त्याऐवजी तुम्ही दुकानात आलात. मी आत पडद्यामागे बसून शर्टाची काजं करत होते, हे तुम्हाला माहीत नव्हतं. ओट्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. तुम्ही चढ्या आवाजात म्हणालात, "टेलर, तुम्ही मुलीचं नुकसान केलंत. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी येते. तुम्हाला कळायचं नाही ते." माझी सुई हातातच राहिली. मला वाटलं, आता आण्णा म्हणणार, अहो, मी तर सही केली, ट्रंक आणली, ही बघा खोळ. खोळ तिथेच खुंटीला टांगलेली होती. पण तेवढ्यात आण्णांना सगळं कळलं असणार, कारण पडद्याकडे तोंड वळल्यासारखा त्यांचा आवाज आला. "आमी अडानी मानसं, सर. चुकलं आमचं." तुम्ही गेलात. जाताना शिवायला टाकलेलं पॅन्टीचं कापड परत घेऊन गेलात, आणि त्यानंतर कधी दुकानाची पायरी चढला नाहीत. थोड्या वेळाने आण्णा पडदा सारून आत आले. मी मान वर केली नाही. त्यांनी माझ्या हातातला शर्ट उजेडाकडे धरला. "काज तिरकं जायला लागलंय," म्हणाले. "उसव आन पुन्हा कर." या विषयावर ते माझ्याशी जन्मभरात एवढंच बोलले.

पुढे मी बी.एड. केलं आणि मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. नुसत्या मुलींच्या, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. लग्न झालं, ह्यांनाही जाऊन आता सहा वर्षं झाली, मुलगी पुण्यात असते. ती अकरावीला पुण्यातल्या कॉलेजात पहिल्या दिवशी एकटी आत गेली तेव्हा मी फाटकाबाहेर उभी राहून रडले होते. तिला वाटलं, मला तिची काळजी वाटते.

तर कालचा मेळावा. मंडप, फेटे, जिलबी-मठ्ठा, आणि केस गेलेले, पोट सुटलेले साठातले बेचाळीस. ते एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, 'अरे'-'तुरे' चाललं होतं. कॅन्टीनमधला वडा, तास बुडवून पाहिलेले सिनेमे, भंडारदऱ्याची सहल, तुमची केलेली नक्कल. (तुमच्या खाकरण्याची नक्कल करायचे, सर. हुबेहूब. काल एकाने केली आणि मी खुर्चीतून अर्धी उठले.) त्यातल्या एकाही आठवणीत मी नव्हते. त्यांचा दोष नाही. मी तिथे नव्हतेच, मी लेडीज रूममध्ये होते. सगळे मला 'मॅडम' म्हणत होते आणि आदराने बाजूला सरकत होते. मला महिलांच्या पहिल्या रांगेत बसवलं, त्यांच्या बायकांबरोबर. म्हणजे काल पुन्हा ते सगळे माझ्या मागे.

मग जुन्या हजेरीचा कार्यक्रम. सतरा नंबर आता मोठा बागायतदार झालाय, माइक त्याच्याकडे होता. तो नंबर पुकारत होता आणि मागून 'हजर' येत होते. मी डोळे मिटले. सर, सगळे आवाज ओळखीचे निघाले. म्हातारे झालेत, पण तेच. बावन्न अजूनही उशिरा. जे गेले त्यांच्या नंबरला सगळे गप्प राहायचे, आणि कोण गेलं ते मला नंबरावरूनच कळत होतं. 'एकसष्ट' झाल्यावर मी 'हजर' म्हणाले, तर टाळ्या पडल्या. माझा आवाज त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच नीट ऐकला असेल. सतरा नंबर म्हणाला, "मंडळी, ही आपल्या वर्गातली एकुलती एक पोरगी. सर आपल्याला शेवटपर्यंत सांगायचे, लई हुशार हुती, पन बापानं पुढं शिकू दिलं न्हाई. काळच तसा हुता. आज लेकी इमानं चालवत्यात, त्या ह्यांच्यासारख्यांच्या त्यागामुळं." मग शाल, नारळ, फोटो. मला माइक दिला. एवढंच म्हणायचं होतं की माझे वडील नको म्हणाले नव्हते. बेचाळीस माणसं, एक वाक्य. मी "धन्यवाद" म्हणाले आणि बसले. शालीने उकडत होतं, तरी काढली नाही.

जेवणाची पंगत सोडून मी आपला वर्ग शोधत गेले. लेडीज रूमचं आता झेरॉक्सचं दुकान झालंय. वर्ग तोच आहे, दार रंगवलंय. आत कुणी नव्हतं. मी दाराशी थांबले. किती वेळ थांबले कुणास ठाऊक. पाठीवर सॅक घेतलेली एक पोरगी जिना चढून आली, म्हणाली, "काकू, आत या की. कुनाची वाट बघताय?"

"सर यायचेत," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं, सर. तिने इकडेतिकडे बघितलं. "कुठले सर? आज रविवार हाय." मग ती सरळ आत गेली, पंखा लावला, मधल्या बाकावर सॅक टाकली, आणि मी तिच्या मागोमाग गेले. कर्जतची होती, होस्टेलला राहते, खोलीत दंगा असतो म्हणून इथे येऊन अभ्यास करते. त्यांच्या वर्गात आता मुलीच जास्त आहेत म्हणाली. शाल बघून म्हणाली, "तुमच्या टायमाला घरचे शिकू देत नव्हते ना, काकू?" ती एकटी होती. तिला सांगून काही बिघडलं नसतं, ती मला ओळखतही नव्हती. आणि मी म्हणाले, "हो गं."

तीनदा झालं ते खोटं. एकदा तुमच्याशी, एकदा माइकसमोर गप्प बसून, एकदा त्या पोरीशी. आण्णा तर केव्हाच गेले. ट्रंकेची खोळ अजून आहे, शिवणाच्या मशीनवर घालते. लाल दोरा विटलाय, जोडाक्षर शाबूत आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. आणि खरं सांगायचं तर ते तुम्हाला लिहायचंच नव्हतं. काल घरी आल्यावर शाल घडी करून ठेवली आणि आण्णांना लिहायला बसले. 'आण्णा' एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना, आजची सकाळ तशीच गेली. मग दुपारी दुसरा कागद घेतला आणि वर 'सर' लिहिलं. 'आण्णा' लिहिलेला कागद शेजारीच आहे. तुम्ही आधी आत व्हा, सर. मी आलेच.