थोरली निजली ती दुपार

१४ मार्च, शनिवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कागदावर घालते आहे म्हणून साष्टांग, प्रत्यक्षात कंबर सध्या नुसत्या वाकून केलेल्या नमस्कारालाही तयार नाही.) तुझं पत्र आलं तेव्हा मी स्वेटर घालून बसले होते, आता पंखा लावून बसले आहे, यावरून उत्तराला किती उशीर झाला ते तुला कळेलच. क्षमा कर. क्षमा मागताना कारण द्यावं की नाही यावर बराच विचार केला. कारण दिलं तर क्षमा पातळ होते, न दिलं तर उद्धटपणा वाटतो. शेवटी ठरवलं की कारण द्यायचं, पण चांगलं लांबलचक द्यायचं, म्हणजे तू कंटाळून तरी क्षमा करशील. तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या वेळेवर घेतेस ना? (जन्मभर नर्स होतीस, म्हणजे घेत नसणारच.) हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, काही मागण्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कारण म्हणजे थोरली. आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातलं हे सर्वांत जुनं यंत्र, ओला पुठ्ठा वाळवणारं. माणसाहून उंच असे गरम रूळ एकामागे एक उभे, आणि त्यांच्यावरून खाली-वर करत पुठ्ठा दिवसभर वाहत असतो. ती कधीच बंद होत नाही. मी इथे देखभालीच्या कामावर लागायच्या आधी कुणीतरी तिला एकदा बंद केलं होतं आणि मग ती आठवडाभर उठलीच नाही म्हणे. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिला रिकामीच, मुंगीच्या चालीनं फिरती ठेवतात. तिची घरघर आमच्या क्वार्टर्सपर्यंत येते. त्या आवाजात आम्ही जेवतो, भांडतो, झोपतो. कधी कधी मी तिच्यापाशी नुसतीच उभी राहते. वाफेत दिवे मोठे आणि मऊ दिसायला लागतात, पायांखालची जमीन किंचित थरथरत असते, आणि वाटतं की आपण एखाद्या जहाजावर आहोत आणि त्या जहाजाला कुठेही जायचं नाही. (हे आमच्या साहेबांना सांगू नकोस. तू त्यांना ओळखत नाहीस, तरीपण.)

तर साहेबांनी यंदा नवी कंट्रोल रूम केली. सगळी यंत्रं एका पडद्यावर दिसायला हवीत. बाकीची दिसली, थोरली दिसेना, कारण तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह जुना, त्याला फक्त स्वतःची भाषा येते. साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत पडद्यावर आली तर राहील, नाहीतर भंगारात. जी दिसत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? (हे वाक्य मला फार खोल वाटलं. दोन दिवस मी त्यावरच विचार करत होते, काम बाजूला ठेवून.) यावर उपाय म्हणजे नेटवर्क ॲडाप्टर नावाची एक डबी, साबणाच्या वडीएवढी. एका अंगानं ती ड्राइव्हशी त्याच्या भाषेत बोलते, दुसऱ्या अंगानं पडद्याशी. आम्ही तिचं नाव दुभाष्या ठेवलं.

दुभाष्या बसवला मीच. बसवणं म्हणजे काही नाही, पट्टीवर अडकवायचा, एक वायर ड्राइव्हला (वीजही त्याला तिच्यातूनच मिळते), एक नेटवर्कला. ड्राइव्हची वायर चालू यंत्राला जोडता येते, पण काढली तर यंत्र तिथल्या तिथे थांबतं. थोरलीचे ऑपरेटर म्हणाले, म्हणजे लग्नासारखंच की! (यांना सगळे सावकाश म्हणतात, कारण त्यांना काहीही सांगितलं की त्यांचं पहिलं उत्तर हेच असतं.) वायर जोडली, दिवा लागला. लाल. दुभाष्याबरोबर आलेल्या पुस्तकात म्हटलं होतं की लाल दिवा न लुकलुकता राहिला, तर नेटवर्कवरच्या या पत्त्यावर आधीच कुणीतरी राहतंय. शोधलं, तर पॅकिंगमधल्या वजनकाट्याचा पत्ता तोच निघाला. दुभाष्याच्या अंगावर दोन इवल्या चकत्या असतात, त्या फिरवून पत्ता बदलायचा. बदलला. लाल. दुसरा पत्ता दिला, तिसरा दिला. लाल. नेटवर्कची वायर बदलली, तिची टोकं तपासली. लाल. डबीच्या कंपनीतल्या तज्ज्ञाला फोन केला.

"मॅडम, पत्ता बदला."

"बदलला."

"मग झालं की."

"दिवा लाल आहे."

"नाही मॅडम, आता लाल नसणार."

मी दिव्याकडे पाहिलं. तो लालच होता, पण तज्ज्ञ इतक्या खात्रीनं बोलत होते की मला माझ्या डोळ्यांची शंका आली. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, हा शर्ट कुठल्या रंगाचा आहे? तो म्हणाला, तूच आणलायस, तूच सांग.

काल जेवणाच्या सुट्टीत गरम रुळांच्या उबेत बसून पुस्तक पुन्हा वाचत होते. जवळजवळ पेंगत होते म्हण. आणि त्या पेंगेत एक वाक्य डोळ्यांसमोर येऊन थांबलं: चकत्यांवरचा पत्ता वीज चालू होताना एकदाच वाचला जातो. मावशी, हे वाक्य मी आधीही वाचलं होतं, चांगलं अधोरेखित करून. पण त्याच्या पुढेच लिहिलंय की बदलानंतर यंत्राची वीज बंद करून पुन्हा चालू करावी, आणि आमच्या कारखान्यात 'बंद करा' हे शब्द आले की नजर आपोआप पुढच्या ओळीवर जाते. म्हणजे दुभाष्यानं पहिल्या क्षणी डोळे उघडून जे पाहिलं ते पाहिलं. त्यानंतर आम्ही सगळे मिळून झोपलेल्या माणसापुढे पाट्या नाचवत होतो.

आज दुपारी मी थोरली बंद केली. सावकाश माझ्या आणि स्विचच्या मध्ये उभे होते.

"बाई, उठली नाही तर?"

"उठेल."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक तिला ओळखतं का?"

मी त्यांना हलकेच बाजूला केलं. ती उठली नसती तर तिला भंगारात घालणारी मीच ठरले असते, साहेब नव्हे. हात स्विचवर ठेवून मी एवढा वेळ उभी राहिले की शेवटी सावकाशच म्हणाले, आता एकदाचं उरका.

आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. घरघर खाली खाली गेली आणि संपली. छपरात चिमण्या आहेत हे कळलं. कुठेतरी नळ ठिबकत होता. सावकाश काहीतरी बोलले, आणि नेहमीसारखं ओरडावं लागलं नाही म्हणून त्यांचा खरा आवाज आम्हाला पहिल्यांदा ऐकू आला. इतका मऊ, की ते स्वतःच दचकले. क्वार्टर्समधली माणसं गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली. नवऱ्याचा फोन आला, घाबरलेला: "काय झालं गं? आपलं घड्याळ टिकटिक करतंय!" मी पायरीवर बसले. किती वेळ, ठाऊक नाही. त्या शांततेत मला असं वाटलं की मीही कुठल्यातरी पट्टीवरून खाली उतरले आहे.

मग वीज दिली. दिवा लाल, मग विझलेला, मग हिरवा लुकलुकता, मग हिरवा. पण रूळ हलेनात. सावकाशांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण मग हिरव्यावर माझा विश्वास बसला नसता. आणि पहिला रूळ, झोपेतून कूस वळावी तसा, वळला. वर कंट्रोल रूममध्ये थोरली पडद्यावर आली, वेगासकट. साहेबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हं. आता हिचा आवाज कमी करता येईल का?"

असो. प्रकृतीला जप. हात दुखेपर्यंत लिहिलं, तेव्हा थांबते.

तुझीच भाची

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. 'काही मागण्यासाठी नाही' हे वाक्य खरं नाही. खोडलं तर पान घाण दिसेल, म्हणून इथे सांगते. तू लिहिलं होतंस, आठ दिवस ये आणि काही करू नकोस. मनातल्या मनात मी दर आठवड्याला उत्तर देत होते की थोरली सोडत नाही. आता तिला पडद्यावर कुणीही बघू शकतं. इतक्या वर्षांत मी स्वतःत किती बदल करून पाहिले, पहाटे उठणं, चालणं, न चिडणं. एकही लागू झाला नाही, कारण सगळे चालू असतानाच केले. ते आमंत्रण अजून आहे का? मी बहुतेक झोपूनच राहीन.

ता. क. २. नवरा येणार नाही. थोरली पुन्हा सुरू झाल्यापासून त्यानं घड्याळ उशाशी घेतलंय आणि कान लावून बसलाय.

ता. क. ३. तुझा तो जुना फ्रिज अजून घरघरतो का? घरघरत असेल तर दुरुस्त करून घेऊ नकोस. अगदीच शांततेत मला झोप लागेल याची खात्री नाही.

माझं उद्याचं काम: रजेचा अर्ज लिहिणे. एकाच वाक्यात, कारण न देता.