वासाचा पहारा

३ मार्च, सोमवार

येणार येणार म्हणत होते, ते आलंच! कोपऱ्यावरचं बंद पडलेलं चपलांचं दुकान तळलेल्या चिकनवाल्या कंपनीनं घेतलं. काचेवर भलामोठा कागद — 'लवकरच येत आहोत' — आणि त्यावर डोळा मारणारी कोंबडी. तळून घ्यायचा एवढा आनंद कुणाला होतो का?

आमचे हे पेपर टाकून उठले. "आपल्या कॉलनीत? दारात?" म्हणाले आणि चपला घालून चालते झाले. निवृत्त झाल्यापासून आपणहून घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. जेवायच्या वेळेपर्यंत पत्ता नाही. स्वयंपाकघरात मी एकटी. एकटी! काय सुख!

४ मार्च, मंगळवार

इथे कुणी वाचत नाही, म्हणून खरं लिहिते.

ह्यांनी उभा जन्म ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. लोकांच्या शेजारी बसायचं आणि चुका टिपायच्या. आता लोक उरले नाहीत, मी उरले. ओट्याशेजारी स्टूल टाकून बसतात. धड बोलत नाहीत — बोलले तर भांडता तरी येईल! तेल जास्त पडलं की जीभ टाळूला लावून नुसतं 'च्यक्'. मी गॅसवरून वळले की 'मागे न बघता वळलीस.' परवा भांडं उतरवताना चक्क "ब्रेक!" म्हणाले. भांडं माझ्या हातून सुटलं ते वेगळंच.

पण स्टुलाच्या आधीचे महिने याहून वाईट होते. तेव्हा नुसते भिंतीकडे बघत बसायचे. चहा गार व्हायचा, हे तसेच.

तर, दोन्ही नको. ना भिंत, ना स्टूल. हे बाहेर हवेत, आणि खुशीत हवेत. एवढंच माझं मागणं. आणि ते पुरवलं कुणी, तर कोंबडीनं!

८ मार्च, शनिवार

समिती झाली. कोंबडी हटाव समिती! हे अध्यक्ष. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर चिटणीस. शिकवणी घेणाऱ्या बाई घोषणा लिहिणार. आमच्याच बैठकीच्या खोलीत सभा झाली. मी चहा दिला आणि चेहरा गंभीर ठेवला. फार कष्ट पडले.

नगरपालिकेतल्या साहेबांनी म्हणे सांगितलं, एकट्यादुकट्यानं नाक मुरडून भागत नाही. पाच-सहा जणांना एकाच वेळी वास आला तरच तक्रार घेऊ. मग काय! गच्चीवर आळीपाळीनं पहारा. वास आला की शिट्टी मारायची, बाकीच्यांनी धावत वर जायचं आणि सगळ्यांनी मिळून हुंगायचं. दुकान उघडायला अवकाश आहे. पण शटरआड ते चोरून तळून बघतात, अशी समितीची खात्री!

ह्यांनी परीक्षेच्या वेळची जुनी शिट्टी शोधून काढली. घासली. गळ्यात घातली.

११ मार्च, मंगळवार

हे आज दाढी करताना गुणगुणत होते. देवा, कोंबडीचं भलं कर.

१४ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. "आई, बाबांचा आवाज केवढा बदललाय! डॉक्टरांनी गोळी बदलली का?"

नाही म्हटलं. फक्त शत्रू मिळालाय.

१६ मार्च, रविवार

आज थोडक्यात वाचले! म्हणजे, वाचवलं.

दुकानावरून जात होते. मॅनेजरबाई बादली-फडकं घेऊन काचा पुसत होत्या. आमच्या लेकीच्याच वयाच्या. म्हणाल्या, "काकू, तुम्ही अध्यक्षांच्या घरच्या ना? त्यांना सांगा, जिंकले. कंपनी म्हणतेय, एवढा विरोध असेल तर दुसरीकडे जागा बघू."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कंपनी गेली की समिती गेली, समिती गेली की स्टूल आलं!

"अगं, छे!" मी म्हटलं. "हे सगळे बोलके पोपट. निम्म्यांच्या तोंडाला तर आत्ताच पाणी सुटलंय. तू मुळीच माघार घेऊ नकोस."

"खरंच?"

"मी सांगते ना! घरातली बातमी आहे."

बिचारीला इतकं बरं वाटलं की दुसरी काच तिनं दुप्पट जोरानं पुसली. मी घरी आले आणि ह्यांच्यापुढे ताट ठेवता ठेवता सहज म्हटलं, "ती मॅनेजर भारी तोऱ्यात आहे हं. म्हणते, समिती काय करणार?"

झालं! हे अर्ध्या ताटावरून उठले. जेवून तरी जा, म्हणेपर्यंत जिना उतरले.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

२० मार्च, गुरुवार

पण हल्ली समितीत जीव उरला नाही. इतके दिवस नाकं वर करून बसले आणि वास आला तो फक्त धुणं वाळल्याचा. शिकवणीवाल्या बाईंना सर्दी झाली. (बहुधा सोयीची.) डॉक्टर पहाऱ्यावर शब्दकोडं नेतात. आज तर कुणी फिरकलंच नाही.

हे भर सकाळी घरी परत. शिट्टी खुंटीला. आणि — स्टूल!

"सुरी उलटी धरलीस," म्हणाले.

उलटी नव्हती. पण थोडा वेळ मलाही वाटलं, आता उलटी धरावीच.

संध्याकाळी बघितलं, तर स्टूलही सोडलेलं. खोलीत बसले होते. भिंतीसमोर. मी दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे वळले.

नाही. हे मी पुन्हा होऊ देणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

चिकन आणलं. दह्यात मुरत ठेवलंय. पिशवी लपवून आणताना जिन्यात डॉक्टर भेटले. "काय वहिनी, बाजार?" मी म्हटलं, "औषधं!" काही अगदीच खोटं नाही.

२२ मार्च, शनिवार

लिहायला बसलेय खरी, पण अक्षर धड येत नाही. हसू आणि भीती, दोन्हीनं.

ह्यांना सकाळीच सांगितलं, "आज सगळ्यांना गोळा करून शेवटचं एकदा बसा. आज वास येणार, असं माझं मन सांगतंय." हे माझ्याकडे बघत राहिले. मग शिट्टी घेतली आणि गेले. डॉक्टरांना, बाईंना, साऱ्या बिऱ्हाडांना दारं वाजवून वर नेलं.

मी कढई चढवली. मैदा, मिरी, लसूण. दोनदा घोळवलं आणि सोडलं तेलात. खिडकी सताड उघडली. आणि काय वास सुटला! माझं मलाच कौतुक वाटलं. तळता तळता एक तंगडी उभ्यानंच संपवली. साक्षीदार नको म्हणून दुसरीही.

शिट्टी! मग आणखी एक! वर धावपळ, ओरडा — "आला! आला!" मी गॅस बंद करते तोच सगळी पलटण जिना उतरायला लागली. सगळं चिकन पातेल्यात, पातेलं वॉशिंग मशीनमध्ये, वर दोन टॉवेल.

पावलं आमच्या दाराशी थांबली. मी मशीनला पाठ लावून उभी राहिले.

डॉक्टर म्हणाले, "अहो, इथेच जास्त येतोय!"

आणि ह्यांचा आवाज, अगदी परीक्षा घेतानाचा. "जिना आहे हा, डॉक्टर. वास वर चढतो. खालून येतोय. दुकानाकडे चला. चला!"

गेले सगळे. मी जमिनीवर बसून तोंडात पदर कोंबून हसले. ह्यांचं नाक म्हणजे निव्वळ शोभेचं! इतकी वर्षं संसार केला, स्वतःच्या घरातला वास ओळखता येऊ नये?

मागाहून— पण पुढचं हसण्यासारखं नाही झालं. मॅनेजरबाईंनी मुकाट्यानं शटर वर केलं. आत तळायची यंत्रं अजून खोक्यात. खोक्यांना चिकटपट्टी. वीजसुद्धा जोडलेली नाही! डॉक्टर म्हणत राहिले, "मी स्वतः हुंगलंय हो!" रस्त्यावरची माणसं पोट धरून हसली. अध्यक्ष सर्वांच्या पुढे उभे होते, शिट्टी गळ्यात.

हे सगळं शिकवणीवाल्या बाईंनी सांगितलं. ह्यांनी नाही. हे आले, हातपाय धुतले, जेवले. मी वाढत होते आणि वर बघवत नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

समिती संपली. 'हवेत मोर्चा काढणारे' म्हणून कॉलनीत थट्टा चाललीये. बाईंनी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणतात, माझा विरोध कधीच नव्हता.

मी केलं ते ह्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार

नवल आहे. मोर्चा नाही, पहारा नाही, तरी हे रोज चहा झाला की बाहेर पडतात ते जेवायलाच येतात. विचारलं तर, "कामं असतात." कसली कामं? एकट्यानं पहारा देतात की काय? स्वयंपाकघर अख्खं माझं. मजा यायला हवी.

५ एप्रिल, शनिवार

दुकान उघडलं. रांगेत पहिले कोण? दातांचे डॉक्टर! मागे शिकवणीवाल्या बाई, सर्दी पूर्ण बरी. मला बघून मॅनेजरबाईंनी काऊंटरमागून हात हलवला. ह्यांना शोधलं — कुठेच नव्हते.

६ एप्रिल, रविवार

आज बाजारात निघाले, तर हे बसस्टॉपवर. बस आली, गेली. हे बसलेलेच. दुसरी गेली. मी शेजारी जाऊन बसले.

"इथे काय करताय?"

ह्यांनी आणखी एक बस जाऊ दिली. मग म्हणाले, "मी घरात नसलो की तू गातेस. जिन्यात ऐकू येतं. मी असलो की गात नाहीस."

मी गाते? मला माहीतच नव्हतं.

"त्या दिवशी आपल्या दाराशी वास आला," म्हणाले, "तेव्हा कळलं, तुला मी बाहेर किती हवा आहे ते. म्हणून सगळ्यांना खाली नेलं."

तिथेच, रस्त्यावर, मला रडू फुटलं. हात धरून ह्यांना उठवलं. घरी चला म्हटलं, बटाटे सोलायचेत, मला एकटीला होत नाहीत.