नऊ नंबरची जर्सी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या बायकांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघाच्या यंदाच्या पहिल्याच सरावाला दोन किलोमीटर पळवलं. मी शेवटून दुसरी. शेवटची ब्रॉनविन, आणि ती तीन महिन्यांची बाळंतीण!

पहिली आली ती केली नावाची नवी मुलगी, वय एकोणीस. वर मलाच पाण्याची बाटली देते, "घे लोरी, दमलीस." घेतली. राग आला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मैदानाचा चांगला निम्मा भाग पुरुषांच्या संघाला, शेडकडचा आम्हाला. नेहमीचंच. तिथे गोलच्या चार खांबांच्या डावीकडे, कोपऱ्यात, पाण्याच्या फवाऱ्याचा खड्डा आहे. या उन्हाळ्यात तेवढंच गवत हिरवं, त्यामुळे खड्डा दिसत नाही. बुजवू म्हणता म्हणता क्लबच्या समितीने अकरा वर्षं काढली. संघ सुरू झाल्यापासून नव्या मुलींना मीच तिथे नेते. "इथे चेंडू आला तर जाऊ दे. पाय सांभाळ." आज तिघींना दाखवला. केली गोठ्यातलं काम उरकून उशिरा आली, तिचं राहिलं. मंगळवारी दाखवीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रूडीने गाडीपाशी गाठलं. आमची कोच. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

"यंदा तू राखीव, लोरी. वाईट वाटून घेऊ नकोस. नऊ नंबर केलीला देऊ या म्हणतेय. जर्सी तूच दे तिच्या हातात, पद्धतच आहे आपली."

पद्धत म्हणे. सुरू मीच केली होती ती! अकरा वर्षं तो नंबर माझ्या पाठीवर आहे.

"देईन की," म्हटलं. हसलेसुद्धा.

केलीला खड्डा दाखवला नाही.

१३ फेब्रुवारी

आजही नाही. एवढी हुशार आहे, तर दिसेल तिचं तिला.

१५ मार्च, शनिवार

दिली जर्सी. समितीवाले सॉसेज-पाव खात टाळ्या वाजवत होते. केली गळ्यात पडून रडली. "तुझ्यासारखं जमेल का गं मला?" मेली गोड आहे, तोच तर त्रास आहे. वाटलं, आत्ता हाताला धरून कोपऱ्यात न्यावं. तेवढ्यात ब्रॉनविन फोटोसाठी ओरडली, "म्हातारे, पोट आत घे!" सगळ्या हसल्या. मग नेलं नाही.

२२ मार्च, शनिवार

सरावाचा सामना. केली चेंडूवर नजर ठेवून उलटी धावत गेली, डाव्या कोपऱ्यात. गुडघ्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला.

ट्रूडी किंचाळली, "हिला खड्डा दाखवला नव्हता कुणी?"

"असं कसं होईल? लोरी सगळ्यांना दाखवते," ब्रॉनविन म्हणाली.

केली पांढरीफटक पडली होती. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "दाखवला असेल गं तिने. माझ्याच लक्षात राहिलं नसेल."

मी हात सोडवून बर्फ आणायला गेले.

२५ मार्च, मंगळवार

केलीच्या आईने जर्सी धुऊन, घडी करून आणून दिली. शनिवारी पहिला सामना. ट्रूडीने विचारलं, खेळशील ना? हो म्हटलं.